गारवाईच्या काठावरची पांढरी रेघ

सकाळी सव्वानऊला संघमित्रा पायऱ्या उतरून गारवाईच्या काठाला आली आणि तिला पोट वर करून तरंगणारा एक मासा दिसला. बोटाएवढा. एखादा मरायचाच, असं तिनं मनाला समजावलं. मग दुसरा दिसला. मग तिनं पुलाखालच्या डोहात वाकून बघितलं आणि हातातली फाईल पाण्यात पडता पडता राहिली. अख्खा डोह उलट्या पडलेल्या माशांनी भरला होता.

"नाही, नाही. आज नाही रे देवा," ती मोठ्यानं म्हणाली. देव न मानणाऱ्या घरातली ही पोरगी, पण वेळच तशी होती.

आज काय होतं ते सांगायला हवं. गारवाई म्हणजे मुलुंडच्या डोंगरातून, जंगलाच्या भिंतीखालून वस्तीत उतरणारी, जेमतेम दीड किलोमीटर वाहणारी नदी. नदी म्हटलं की लोक हसायचे. रिक्षावाले 'नाल्यापाशी सोडू का' असं विचारायचे, लाइटबिलावर 'नाल्याजवळ' छापून यायचं, आणि सरकारी नकाशातही ती नालाच होती. आता नाला म्हटला की त्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घालता येतात, वर स्लॅब टाकून गाड्या लावता येतात. तसा आराखडा तयारही होता. तो अडवायला एकच गोष्ट होती, ती म्हणजे सरकारची संरक्षित नद्यांची यादी. त्या यादीत नाव चढलं की काठावर वीट ठेवायची कुणाची छाती नव्हती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावून उरलेल्या वेळात संघमित्रा तीन वर्षं त्या यादीमागे धावत होती. अर्ज रहिवासी मंडळाचा होता, पण चपला झिजल्या त्या हिच्या. आणि आज अकरा वाजता पाहणी समिती येणार होती, दोनच गोष्टी बघायला: पाण्यात जिवंत मासे आहेत का, आणि काठावरची माणसं नदीला जपतात का.

"मित्रा! वाट लागली ना यार!" मंडळाचा सेक्रेटरी नितेश पुलावरून ओरडत खाली आला. एरवी हा माणूस मीटिंगला पाऊण तास उशिरा यायचा. "खालपर्यंत सगळे मेलेत गं. राजेशनं सोडलं. दुसरं कोण सोडणार? आजच्याच दिवशी साधून सोडलं त्यानं!"

राजेशचा काठावर प्लेटिंगचा गाळा होता. नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या चकचकीत करून द्यायचा. त्याचे वडील गिरणी बंद पडल्यावर परळ सोडून इकडे आले आणि त्यांनी हा गाळा टाकला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाळ्याचं हिरवट पाणी सरळ गारवाईत जायचं. त्यावरून संघमित्रा आणि राजेशची अशी जुंपायची की दोन्ही काठांवरच्या खिडक्या उघडायच्या. शेवटी त्यानं टाकी बसवली. आठवड्याला टँकर येऊन ते पाणी घेऊन जायचा. मात्र अर्जावर सही करायला तो तयार नव्हता. गाळ्याची मागची सहा फुटांची खोली नदीच्या पट्ट्यात येत होती, नाव यादीत चढलं की ती पाडावी लागली असती. "पाणी बंद केलंय ना? मग बस्स. सही मागू नकोस," एवढं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

दोघं तरातरा गाळ्यावर गेले. राजेश बाकड्यावर चहा पीत बसला होता.

"सकाळी सकाळी माझ्या जिवावर कित्याक उठलात?" नितेशच्या तोंडाचा पट्टा सुरू झाल्यावर तो भडकला. ग्लास आपटून त्यानं टाकीचं झाकण उघडून दाखवलं. टाकी काठोकाठ भरलेली, कुलूप जागच्या जागी. "सोमवारी टँकर येणार आहे. एक थेंब गेला असेल तर माझं नाव बदल. बघ ना गो, तूच बघ."

संघमित्रा बघत नव्हती. ती हुंगत होती. गाळ्यात आंबट, तोंडात नाणं धरल्यासारखा वास होता. सकाळी डोहात वाकताना नाकात गेला होता तो वास हा नव्हे. तो वेगळा होता, तिखट, डोळ्यांत जाणारा आणि तिच्या चांगल्या ओळखीचा. लहानपणी संध्याकाळी दार उघडलं की वडिलांच्या, आबांच्या खाकी शर्टाला तोच वास यायचा.



"नितेश, तू इथेच थांब," ती म्हणाली आणि काठानं वर निघाली.

वळणापलीकडे तिला ती दिसली. पांढरी रेघ. दोन्ही काठांवर, पायवाटेच्या कडेनं, चार बोटं रुंद, जंगलाच्या भिंतीपासून वळणापर्यंत. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, दगड आला तिथे दगडाला नीट वळसा घातलेला. अख्ख्या मुलुंडमध्ये अशी रेघ मारणारा एकच हात होता.

धोंडिराम, म्हणजे तिचे आबा, एकतीस वर्षं पालिकेच्या सफाई खात्यात होते. मंत्री येवो, आयुक्त येवो, पाहुणा यायच्या आधी रस्ता झाडायचा आणि दोन्ही कडांना ब्लीचिंग पावडर मारायची, हे काम त्यांचं. बाकीचे मुठीनं फेकायचे. आबा गोणपाटातून गाळून सोडायचे. त्यांची रेघ बघायला मुकादम दुसऱ्या वॉर्डातली माणसं घेऊन यायचा. गाडीतून जाणाऱ्या एकाही साहेबानं मात्र ती रेघ कुणी मारली असं कधी विचारलं नाही.

घराच्या दारात आबा उभे होते. आंघोळ झालेली, मिशी कापलेली, आणि अंगात जुना खाकी गणवेश, इस्त्रीचा.

"बघितलीस का?" त्यांनी हसत विचारलं. "पहाटे चारला उठलो. मुलुंडच्या बाजारातून गोणीच आणून ठेवली होती, पेटीत, कुलपात. तुला सांगितलं नाही. म्हटलं, पोरीनं तीन वर्षं चपला झिजवल्या, आपण पण कायतरी करावं. अन् वरच्या अंगाला पाणी जरा वास मारत होतं, तर अर्धी गोणी तिथंच पाण्यात सोडली. आता येऊ दे तुझ्या समितीच्या मॅडमला. नाक वर करून बघंल."

सत्य जिभेवर होतं. ओठ उघडले की बाहेर पडणार होतं. पण समोर तो इस्त्रीचा शर्ट होता.

"छान मारलीय, आबा," ती म्हणाली. "तुम्ही आता घरातच बसा हं. खाली लई गर्दी होईल."

ती परत फिरली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते काही पावडरीनं नव्हे.

पावणेअकरा झाले. नितेशला तिनं पुलाच्या कठड्यामागे घेतलं आणि सगळं सांगितलं. तो आधी कपाळाला हात लावून बसला. मग हळूच म्हणाला, "ऐक. कलम सात आठवतंय ना?"

आठवत नसणार कसं? तिला ते पाठ होतं. काठावरच्या कुठल्या धंद्यानं पाणी बिघडवलं असेल तर कारवाई त्या धंद्यावर, आणि पाहणीला नवी तारीख. पण अर्जदारांपैकीच कुणी बिघडवलं असेल तर अर्ज तिथल्या तिथे बाद.

"आपण राजेशचं नाव घ्यायचंच नाही," नितेश म्हणाला. "फक्त गप्प बसायचं. त्यांना गाळा दिसेलच. तारीख मिळेल, आबा वाचतील, नदी वाचेल."

"आणि राजेश?"

"दोन वर्षांमागे त्यानं कमी सोडलंय का? तेव्हाचं समज."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण त्याचं म्हणणं तिला पटत होतं. भराभर पटत होतं. गप्प बसायला लागतंच काय? एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता.

अकराला पाच कमी असताना जीप आली. समितीच्या प्रमुख तेजल मॅडम नदीतल्या माशांच्या अभ्यासक होत्या. सडपातळ बाई, पायात गमबूट, बरोबर दोन कारकून. त्या सरळ पाण्यात उतरल्या, वाकल्या आणि तशाच बराच वेळ वाकून राहिल्या. काठावर वस्ती गोळा झाली होती.

"हे कधी झालं?" मॅडमनी विचारलं.

"आज सकाळी," संघमित्रा म्हणाली.

"कुणी सोडलं काही?"

पन्नास डोळे हळूहळू एकाच दिशेनं वळले. मॅडमनीही तिकडे बघितलं. गाळ्याच्या दारात राजेश उभा होता, हात काळे, मान ताठ.

"प्लेटिंग का? यांचं पाणी कुठे जातं?" मॅडमनी पेन काढलं. "गाळा नंबर सांगा."

राजेशनं संघमित्राकडे बघितलं. जिच्याशी कडाकडा भांडला आणि मग जिच्या शब्दावर टाकी बसवली, तिच्याकडे. कारकून गाळ्याची पाटी वाचून नंबर सांगू लागला. मॅडमचं पेन कागदाला टेकलं.

"लिहू नका!" संघमित्रा जवळजवळ किंचाळली. "मॅडम, त्यानं काही केलं नाही. ही ब्लीचिंग पावडर आहे. आमच्या घरातून आली. माझ्या वडिलांनी टाकली. तुम्ही येणार म्हणून टाकली. त्यांना वाटलं, पाणी स्वच्छ दिसेल."

नितेशनं डोळे मिटून घेतले. कुणाच्या तरी तोंडून "अरेरे" निघालं. आणि संघमित्राला पाठीमागे पायऱ्यांवर हालचाल जाणवली.

आबा उतरून आले होते. ते घरात बसणार थोडेच? आपल्या रेघेवरून बाई चालत जाताना त्यांना बघायचं होतं. पायरीवरच ते थबकले. एकदा डोहाकडे बघितलं, एकदा लेकीकडे.

"म्या मारले व्हय गं?" त्यांनी विचारलं.

आबा तिच्याजवळून पाण्यात उतरले, गणवेशासकट गुडघाभर. एकेक मासा उचलून ओंजळीत घ्यायला लागले. ओंजळ भरली तरी त्यांचे हात थांबेनात. मग राजेश गाळ्यातून घमेलं घेऊन आला आणि ते त्यानं आबांपुढे धरलं.

मॅडमनी घमेल्यात हात घालून मासे वेगळे केले. दगडाला चिकटून राहणारा एक चपटा मासा त्यांनी तळहातावर घेतला. "हा वाहत्या, चांगल्या पाण्याशिवाय जगत नाही," त्या म्हणाल्या. "पाच जातींचे मासे आहेत इथे. म्हणजे काल रात्रीपर्यंत ही नदीच होती." मग त्यांचा आवाज उतरला. "पण कलम सात आहे. मंडळाचा अर्ज मला बाद करावाच लागेल. पुढची दोन वर्षं तुम्हाला अर्ज करता येणार नाही."

त्यांनी शिक्का मारला. दोन वर्षांत तिथे स्लॅब पडलेला असणार होता. संघमित्रा पायरीवर बसली.

"मासे परत येतील?" मागून राजेशनं विचारलं.

"वर जंगलात पाणी चांगलं आहे. तीन-चार महिन्यांत उतरतील. पण तोवर काम सुरू होईल," मॅडम म्हणाल्या. "अर्ज विचारात असला तरच काम थांबतं."

"अर्ज मंडळच करू शकतं का?"

"नाही. काठावरचा कुणीही मालक करू शकतो." मॅडमनी गाळ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. "पण पट्ट्यात आलेलं बांधकाम आधी स्वतः पाडून द्यावं लागतं. लेखी."

राजेश गाळ्याच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला. त्या खोलीत त्याच्या वडिलांनी पहिली मशीन लावली होती. बघता बघता त्यानं मान खाजवली, नाक ओढलं.

"द्या कोरा फॉर्म," तो म्हणाला.

संघमित्रा उभी राहिली. "राजेश, अरे, सहा फूट जातील तुझे."

"माका मोजूक येतत," तो खेकसला. "मगाशी तू गप्प बसली असतीस तर अख्खो गाळो गेलो असतो. पेन दे."

काळ्या बोटांनी त्यानं सही केली. कागदावर बोटांचे ठसे उमटले, तेही मॅडमनी चालवून घेतलं.

जीप गेली. माणसं पांगली. आबांनी घरातून झाडू आणि सूप आणलं आणि रेघेच्या वरच्या टोकाला, भिंतीपाशी, उकिडवे बसले. पावडरीचा कणही पाण्यात जाऊ न देता ते आपली रेघ भरून घेऊ लागले, जितक्या निगुतीनं मारली होती तितक्याच निगुतीनं. संघमित्रा त्यांच्याशेजारी बसून गोणीचं तोंड धरत होती. उतरत उतरत गाळ्यापाशी यायला त्यांना दुपारचे तीन वाजले.

राजेश छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या भिंतीची पहिली वीट सैल करत होता. आबांनी गोणीचं तोंड घट्ट बांधलं, खिशातून पेटीच्या कुलपाची किल्ली काढली आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवली.

"ही गोणी पेटीत घाल, पेटी घिऊन जा अन् किल्ली तुझ्याकडं ठेव," ते म्हणाले. "पुन्हा कुणी साहेब येणार म्हटलं की माझे हात ऐकायचे नाहीत."