धोंडीरामचा गुणाचा अंगठा

"आजपासून ह्या मशीनला कुणाचा बापसुद्धा फसवायचा न्हाई," शिवकन्येनं जाहीर केलं आणि रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनमधून पेन ड्राइव्ह उपसला. न्हाव्यानं पायातला काटा काढून दाखवावा तसा तो तिनं सगळ्यांना वर करून दाखवला.

मशीननं शिट्टी मारली, पडदा उजळला आणि वरच्या कोपऱ्यात तारीख आली: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

"सत्तरला माझा बाप लंगोटीवर हिंडत व्हता," दुकानदार सटवा म्हणाला. "तवाचा माल कुटून देऊ गं बाई?"

ओट्यावर बसलेली पन्नासेक माणसं खदाखदा हसली. शिवकन्येनं खाली मान घालून लॅपटॉप उघडला. वेळ विचारायची तरी मशीनच्या पोटातल्या फर्मवेअरलाच हाक मारावी लागते, आणि त्या फर्मवेअरची सगळी दारं-खिडक्या तिनं आत्ताच बंद केली होती. घड्याळाची फट तेवढी ठेवायची राहिली होती. दहा मिनिटांत तिनं ती ठेवली. तारीख ताळ्यावर आली: महिन्याची शेवटची.

ती पुण्यातल्या ज्या कंपनीत होती ती असली मशीनं बनवायची. पेन ड्राइव्हमधला पॅच, म्हणजे मशीनच्या प्रोग्रॅमची दुरुस्ती, तिची होती, सात महिन्यांची. चाचणीला एक दुकान निवडायचं होतं, तर तिनं आपलंच गाव निवडलं, सिरसाळ्याच्या पुढची वाडी. चाचणी पार पडली की ती टीमची प्रमुख होणार होती. हे गावाच्या डोळ्यांदेखत झालं असतं तर तिला नको होतं असं नाही.

"पण केलं काय तू?" सटवानं विचारलं.

"दादा, हे मशीन बनतानाच त्याच्या पोटात एक कारभारी बसवलेला असतो. फर्मवेअर म्हणतात त्याला. अंगठा वाचायचं काम त्याचं. आपला कर्नल, म्हंजी मशीन चालवणारा मुख्य प्रोग्रॅम, त्यानं हाक मारली की तो यायचा, अंगठा बघायचा, आन् तुमच्या दुकानाच्या प्रोग्रॅमच्या पाटीवर परस्पर 'हो' न्हाई तर 'न्हाई' लिहून जायचा."

"मंग? कामाचा हाय की."

"कामाचा हाय, पण त्याला घरभर हिंडायची सवय. सैपाकघरात जा, माजघरात जा, कुणाचंबी काहीबी उचकून बघ. आता हाक मारायच्या आधी कर्नल तुमचं सगळं घर झाकून टाकतो. त्याला दिसती फक्त ओसरी. ओसरीवर एक पाटी, तीबी आधी ओल्या फडक्यानं पुसलेली. लिहायचं ते तिथं लिही. मंग कर्नल ते तपासून आत आणणार."

"म्हंजी परक्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई," सटवानं मान डोलावली. "हे तर आमची आज्जीबी सांगत व्हती. त्याला सात महिने लागले व्हय?"

त्यानं पहिलं कार्ड पुकारलं. कुणाच्यातरी शाळेत जाणाऱ्या लेकीनं अंगठा लावला, हिरवा दिवा लागला. दुसरं, तिसरं, चौथं. शिवकन्या लॅपटॉपवर ओळी सरकताना बघत होती. हाक लागत होती, घर झाकलं जात होतं, कारभारी ओसरीवरूनच परत जात होता. तिला मनातून गुदगुल्या झाल्या.

मग सटवानं खुर्ची झटकली आणि हाक दिली, "आता बिनरेघी. धोंडीरामला आणा."

धोंडीराम ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचा राखणदार. वाचनालयात पुस्तकं नव्हती, त्यामुळं पानं उलटूनही त्याचा अंगठा झिजला नव्हता. तो दोन माणसांच्या मधून नवरदेवासारखा चालत आला, खुर्चीवर बसला, आणि चहाचा कप आल्याशिवाय हात खिशातून काढला नाही.

"हे काहून?" शिवकन्येनं विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई? तू पुण्याला," सटवा म्हणाला. "अगं, कोयता धरून धरून अर्ध्या गावाच्या अंगठ्यावर रेघच राह्यली न्हाई. मशीन वळखीना. वर्षभर लई हाल झाले. मंग एक दिवशी धोंडीरामनं लावला, हिरवा दिवा लागला, आन् त्याच्या पाठोपाठ चुकून एका बिनरेघीचा लागला तर तोबी हिरवा! तवापासून असंच. आधी धोंडीराम आपल्या कार्डावर लावतो, त्याच्या पाठीला लागून बिनरेघी. एक अंगठा वाया जात न्हाई. गुणाचा अंगठा हाय त्याचा."

"दर दहा अंगठ्यांला एक कप चहा," धोंडीराम म्हणाला. "बाकी मला काय नको."

शिवकन्येचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. पुण्यात सात महिन्यांपूर्वी तिनं हीच गोष्ट मशीनच्या नोंदींत, लॉगमध्ये पकडली होती. रेघ वाचलेलीच नाही, तरी उत्तर 'हो'. तिथल्या मीटिंगमध्ये याला सगळ्यांनी घोटाळा म्हटलं होतं. तिनंही म्हटलं होतं. कारभाऱ्याला अंगठा वाचता आला नाही की तो पाटीवर काहीच लिहायचा नाही, न बोलता निघून जायचा. मग पाटीवर आधीच्या माणसाचा 'हो' तसाच असायचा.

आधीचा माणूस म्हणजे हा चहा पिणारा.

"पहिली कोण? चतुराबाई, या फुडं. तुमची गाडी जायाची हाय."

चतुराबाई पदर खोचत उठली. शिवकन्या उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत जन्मली तेव्हा तिची नाळ चतुराबाईच्या कोयत्यानं कापली होती. ही गोष्ट चतुराबाई आल्यागेल्याला सांगायची आणि शिवकन्या पुण्यात कुणाला सांगायची नाही. आज चतुराबाईच्या टोळीचा ट्रॅक्टर पाच वाजता कारखान्याकडं निघणार होता. मागचे दोन महिने ती लेकीच्या बाळंतपणाला आष्टीला गेली होती, म्हणून दोन महिन्यांचे अंगठे हुकले होते. तिसरा हुकला की कार्ड बंद, आणि पुढचे पाच महिने ती फडात.

"शिवे, लई शिकली गं," चतुराबाई जाताजाता तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत म्हणाली. "तुझं मशीन म्हंजी माझ्या घरचंच."

धोंडीरामनं अंगठा लावला. हिरवा. चतुराबाईनं त्याच्या पाठीला लागून लावला.

दिवा लागलाच नाही. हिरवा नाही, लाल नाही.

"परत," सटवा म्हणाला. "धोंडीराम, नीट लाव बे. कप ठीव आधी."

परत हिरवा, परत काहीच नाही. तिसऱ्यांदा धोंडीरामनं अंगठा शर्टाला पुसून, डोळे मिटून लावला. चतुराबाईनंही डोळे मिटले. काहीच नाही.

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. एकानं सांगितलं लिंबू चोळा. लिंबू चोळलं. दुसऱ्यानं सांगितलं गोडेतेल. सटवानं स्वतःच्या दिव्यातलं तेल दिलं. मग राख, मग साबण, मग उजव्याऐवजी डावा. सुचण्यासारखं सगळं संपल्यावर एकजण म्हणाला, "पायाचा लावून बघा. पाय कुठं कोयता धरतो?"

"मशीनला पाय लावता?" सटवा ओरडला. "लक्ष्मी हाय ती!"

चतुराबाईनं घाईघाईनं मशीनला हात जोडले, पाय लावायचा विचार तिच्याच मनात आला असल्यासारखे.

शिवकन्येनं तिचा अंगठा हातात घेतला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून बघितला. चिंचोक्यासारखा तुळतुळीत. मध्ये एक आडवा जुना घाव, बाकी काही नाही.

"चतुरामाय, थांब जरा," ती म्हणाली, आणि फोन घेऊन दुकानाच्या मागं, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीजवळ गेली.

कंपनीतले तिचे वरिष्ठ रविराज सर पहिल्याच रिंगला बोलले. "शिवकन्या! लॉग बघतोय इथून. सुंदर! जुनं उत्तर एकदाही आत आलं नाही. दरवेळी कोरी पाटी. पुसायचं काम झकास केलंयस."

"सर, ही माणसं खरी आहेत. कार्ड त्यांचंच आहे. फक्त अंगठ्यावर रेघ नाही."

"मग ते सेन्सरचं काम झालं. आपलं नाही."

"जुनं व्हर्जन परत टाकता येईल? ह्या एका दुकानापुरतं, आजच्या दिवसापुरतं?"

पलीकडं ते हसले. चांगले होते ते, वाईट हसले नाहीत. "अगं, मागं जायची वाट तूच बंद केलीस ना? तुझीच अट होती, कुणी जुनं व्हर्जन बसवून लबाडी करू नये म्हणून. किल्ली तर माझ्याकडंही नाही." मग म्हणाले, "चाचणी पास झाली असं लिहून पाठव. सहा वाजता बाकीच्या दुकानांवर आपोआप जाईल. आणि अभिनंदन."

ती पुढं आली तेव्हा ट्रॅक्टर रस्त्यावर येऊन उभा होता. ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, दोन खाटा आणि त्यांच्यावर माणसं. टोळीचा मुकादम हॉर्नवरून हात काढत नव्हता.

"रेशनच्या जुन्या वहीवर लिहून द्या की, दादा," शिवकन्या सटवाला म्हणाली. "मी सही करते. कंपनीची म्हणून."

"वही मशीन आलं तवाच जमा केली, बाई. तालुक्याचे साहेब म्हणले, आता वही ठिवणं गुन्हा हाय." सटवा खालच्या आवाजात म्हणाला, "तू खरं सांग. धोंडीरामचा गुण गेला का?"

"गुण नव्हता दादा. मशीनची चूक व्हती ती."

"चूक व्हती तवर सगळ्यांचं नीट चाललं व्हतं की."

"अन् आता?" धोंडीरामनं विचारलं. त्याच्यापुढचा चहा पहिल्यांदाच गार झाला होता.

तिनं पैशाचं पाकीट काढलं आणि सटवाच्या भावाच्या किराणा दुकानाकडं निघाली. चतुराबाईनं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"पोतं घेते तुला. गहू, तांदूळ. जे पाहिजे ते."

"पोत्याचं न्हाई गं, शिवे. फडात मुकादम आगाऊ पैसे देतो, उचल, तिथं खायला मिळतं." चतुराबाई तिला लहान लेकराला समजावावं तसं सांगत होती. "नावाचं हाय. नाव कटलं की परत लावायला तालुक्याला चकरा. मागल्या बारीला तीन वर्षं लागली. तुला आठवत न्हाई, तू शाळेत व्हती."

"मी लावून देते परत. मी बघते."

"बघ," चतुराबाई म्हणाली. त्या शब्दात टोमणा नव्हता, म्हणून शिवकन्येला पाकीट बंद करता येईना.

हॉर्न वाजतच होता. चतुराबाईनं अजून नऊ वेळा अंगठा लावला. धोंडीराम न सांगता दरवेळी तिच्या आधी लावत होता, आणि दरवेळी त्याचा हिरवा दिवा लागत होता. शेवटी त्यानंच हात खिशात घातला. शिवकन्या मोजत होती, कारण लॅपटॉपही मोजत होता: सतरा.

"एक डाव तू सांग त्याला," चतुराबाई म्हणाली. "त्या कारभाऱ्याला. तुझं ऐकत असंल."

"तो आत येऊ शकत न्हाई आता."

"मंग तूच जा भाईर आन् सांग, चतुरा इथंच उभी हाय म्हणावं."

मागं कुणीतरी हसलं. शिवकन्येनं लॅपटॉपवर बोटं ठेवली. पाच मिनिटं ती खरोखरच काहीतरी लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. तिनं बांधलेलं कुंपण तिनं चारी बाजूंनी चाचपून बघितलं. कुठंच सैल नव्हतं. काम चांगलं झालं होतं.

चतुराबाई ट्रॉलीत चढली. लिंबाचा, तेलाचा आणि राखेचा अंगठा तिनं पदराला पुसला आणि शेळीचं दावं हातात धरलं. ट्रॅक्टर धर्मापुरीच्या रस्त्याला लागेपर्यंत ती शिवकन्येकडं बघत हात हलवत होती. उरलेले बिनरेघी एकेक करून पिशव्या घडी घालून उठले. एका म्हातारीनं जाताना शिवकन्येला विचारलं, "जेवली का गं?"

शिवकन्येनं अहवालाची खिडकी उघडली. 'चाचणी यशस्वी' आणि 'चाचणी अयशस्वी' असे दोनच पर्याय होते. बोट दुसऱ्यावर नेलं, तर खाली प्रश्न आला: जुनं उत्तर किती वेळा आत शिरलं? तिनं शून्य लिहिलं. शून्य लिहिल्यावर दुसरा पर्याय करडा पडला आणि दाबला जाईना. तिनं मग कुठलाच पर्याय न दाबता लॅपटॉप मिटला.

अहवाल आला नाही तर यशस्वी धरायचं, असं कंपनीनं ठरवलेलं होतं. सहा वाजता पॅच बाकीच्या दुकानांकडं निघाला.

सहालाच मशीननं महिना बंद केला आणि खर्रर्र करत एक चिठ्ठी बाहेर टाकली. ओसरीवरची पाटी सतराही वेळा कोरीच सापडली होती, आणि कोऱ्या पाटीचा अर्थ दुकानाच्या प्रोग्रॅमला एकच माहीत होता. सटवानं चिठ्ठी फाडली, चष्मा वर केला आणि वाचली.

"चतुराबाई. कार्ड बंद. कारण: लाभार्थी दुकानात आली नाही."