मुठीवरच्या दातांच्या खुणा

"हल्ली गाड्याच मुक्या काढतात लेकाचे," मिस्त्री पुटपुटले. माझी मूठ त्यांच्या कानाला टेकलेली होती, म्हणून ते फक्त मलाच ऐकू आले.

मित्रांनो, मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आहे. स्क्रू मी फारसे फिरवलेच नाहीत. माझे काम ऐकवण्याचे. गाडी उचलून घ्यायची, चाके हवेत फिरवायची. मग माझे टोक आधी गिअरबॉक्सला, मग चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या जॉइंटला, मग चाकाच्या बेअरिंगजवळ टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. जॉइंट सैल असेल तर टकटकतो. बेअरिंग गेले असेल तर घशात कफ अडकल्यासारखे घरघरते.

माझी पहिली मूठ प्लास्टिकची होती. ती फुटली तेव्हा मिस्त्रींनी बायकोच्या मोडक्या खुर्चीचा पाय कापून मला नवी मूठ बसवली. ती खुर्ची दुरुस्त व्हायची होती. बाई आठवडाभर त्यांच्याशी धड बोलली नाही.

तेव्हा आमचा मोठा रुबाब होता. मिस्त्रींनी मला कानाला लावले की गॅरेजचा हिशेब नि फोन सांभाळणारी बायको फोनवरच्या माणसालासुद्धा गप्प बसवायची. "यांना गाडी आपणहून सांगते, कुठं दुखतंय ते," गिऱ्हाइके म्हणायची. मिस्त्रींच्या आधी मी फुगायचो.

पुढे वर्षानुवर्षे मिस्त्रींच्या कानाशी पत्र्यावर हातोडे बसत राहिले. एके दिवशी मिस्त्रींनी मला उजव्या कानावरून डाव्यावर नेले. मी म्हटले, बदल हवा असेल. मग एका दुपारी, आजूबाजूला कोणी नाही असे बघून, त्यांनी माझी मूठ दातांत धरली. थरथर दातांतून हाडांत शिरते, ही शेवटची वाट त्यांना सापडली होती.

गिऱ्हाइकाला ते म्हणू लागले, "तुम्हीच सांगा बघू, कसा आवाज येतो?" आपल्याला विचारले म्हणून माणूस खूश. बायको बाजूला उभी राहून मोठ्याने घोकायची, "ब्रेक नाही, क्लच म्हणतायत ते, क्लच." जणू तिलाच समजून घ्यायचे आहे. जेवताना ती काही गमतीचे सांगायची. मिस्त्री हसायचे, पण क्षणभर उशिरा, तिचे तोंड बघून. हळूहळू तिने सांगणेच सोडले. दोन डबे, दोन माणसे आणि भिंतीवर मी. इतकी शांतता मी बंद गॅरेजमध्येही पाहिली नव्हती.

एकदा मला पुसताना तिचा अंगठा दातांच्या खुणांवर थांबला. तिने मिस्त्रींच्या पाठीकडे पाहिले. मग खुणा भिंतीकडे करून मला खिळ्याला अडकवले.

मित्रांनो, गाडीत नवा आवाज आला की रेडिओ मोठा करू नका. आणि घरातले माणूस उशिरा हसू लागले, तर तेही कानाआड करू नका. मला बोलता आले असते तर मी तेव्हाच बोललो असतो.

आज टॅक्सीवाल्या ताई तिसऱ्यांदा आल्या होत्या. "मिस्त्री, वळताना घरघर आहे ती आहेच. आधी गिअरबॉक्सचं रबर बदललंत, मग जॉइंट. उद्या आईला घेऊन डोंगर उतरायचाय. चाक माझ्या आधी खाली पोचायचं नाही ना?"

त्या हसल्या. मिस्त्रीही हसले, क्षणभर उशिरा.

मग ते गाडीखाली शिरले. उजवा कान, डावा कान. सुरुवातीला सांगितले ते पुटपुटणे इथलेच. मग दात. माझ्या अंगातून घरघर नुसती वाहत होती, पण दातांना डावे-उजवे कळेना. शेवटी ते बाहेर आले; इंजिन बायकोने बंद केले.

"झालं?" ताईंनी किल्लीसाठी हात पुढे केला.

किल्ली बायकोच्या हातात होती. ती द्यायला तयार नव्हती आणि का ते सांगायलाही तयार नव्हती. "चहा घेऊन जा की," ती म्हणाली.

मिस्त्रींनी "न्या" म्हणायला तोंड उघडले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी खुणा बोटाने चाचपल्या आणि मूठ बायकोपुढे धरली.

"मी काय करू याचं?" ती म्हणाली.

तिच्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "खुर्ची तुझीच होती. लाव कानाला. कुठल्या चाकात घरघर आहे ते सांग मला. मला ऐकू येत नाही गं."