सरकलेला रकाना

मित्रांनो, मी एका रुग्णालयाच्या विकीवरचे जुने पान आहे. विकी म्हणजे पडद्यावर उघडणारी सगळ्यांची सामाईक वही. तिच्यात तिथले कुणीही लिहू शकते, आणि खोडूही शकते. या खोडण्याची मला पहिल्यापासून धास्ती.

मला औषधांच्या खोलीतल्या फार्मसिस्टबाईंनी घडवले. माझ्या पोटात एक तक्ता आहे: आधी औषधाचे नाव, मग तान्ह्या बाळाची मात्रा, मग शाळकरी मुलाची, मग मोठ्या माणसाची. दोन रकान्यांमध्ये बाईंनी उभ्या रेघांची जोडी घातली. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, पण माझा सगळा सांगाडा तिच्यावरच उभा आहे. "पानावर आहे ना? मग झालं," असे नर्स म्हणत, तेव्हा मला बरे वाटे.

पुढे बाईंची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी मुलांच्या वॉर्डातल्या नर्सला शिकवायला घेतले. सतत लगबगीने चालणाऱ्या या नर्सला सगळे मुंगीताई म्हणत.

"शब्दांच्या दोन्हीकडे दोन-दोन बरोबरची चिन्हं दिली की मथळा होतो. आणि जतन करण्याआधी झलक, म्हणजे पान कसं दिसेल ते, बघायचीच."

"बाई, माझ्या हातून सगळं उडालं तर?"

"उडत नाही गं. 'इतिहास'मध्ये आधीचं सगळं असतं."

बाई गेल्या आणि मुंगीताईंनी एकटीने मला पहिल्यांदा उघडले. एक नवे औषध लिहायचे होते. जास्तीची मोकळी जागा खोडताना तापाच्या औषधापुढची रेघांची जोडीही गेली. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. मुंगीताईंनी घाईने 'जतन' दाबले आणि त्या उठल्या.

माझी ओळच सरकली! तान्ह्या बाळाचा पाव चमचा औषधाच्या नावाला चिकटला, आणि शाळकरी मुलाचा एक चमचा बाळाच्या रकान्यात येऊन बसला.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत एका नव्या नर्सने मला उघडले. समोर तापाने फणफणलेले बाळ मांडीवर घेऊन त्याची आई बसली होती.

"एक चमचा," नर्सने वाचले आणि बाटली उचलली.

मित्रांनो, मी भीतीने गोठून गेले. माझे एकही अक्षर खोटे नव्हते, तरी मी खोटे सांगत होते. चमचा भरला. आईने बाळाचे डोके हातावर घेतले.

इकडे वॉर्डाच्या दारात मुंगीताई थबकल्या. झलक पाहिली का आपण? त्या मागे फिरल्या, पडदा पाहिला, शेजारून बाळाचे रडणे ऐकले आणि तिकडे धावत सुटल्या.

"थांब! देऊ नकोस! पान चुकलंय, माझ्याकडून चुकलंय!"

नर्सचा हात दचकला. औषध चादरीवर सांडले. आईने बाळाला छातीशी कवटाळले आणि ती रडू लागली. मुंगीताईंनी तिथेच 'इतिहास' उघडून मला पूर्ववत केले.

मग त्या स्वतःच सगळ्या नर्सच्या प्रमुख मेट्रनबाईंकडे गेल्या आणि घडले ते सगळे सांगितले.

"आजपासून पानाला कुलूप," मेट्रनबाई कडाडल्या. "कुणी हात लावायचा नाही!"

क्षणभर मला हायसे वाटले. मग दुसरीच भीती शिरली. औषधे बदलत राहतील, मी मात्र तशीच जुनी मात्रा सांगत राहीन.

मुंगीताई पुढे झाल्या. "कुलूप लावलंत तर सगळे चिठ्ठ्यांवर लिहितील. चिठ्ठी चुकली तर मागचं कुठे बघायचं? मला अजून शिकू द्या. दुसऱ्या कुणी झलक वाचल्याशिवाय मी जतन करणार नाही."

"शीक," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण ही भीती सोडू नकोस."

आता मुंगीताई धूळपाटीवर, म्हणजे विकीतल्या गिरवायच्या जागेवर, आधी हात बसवतात आणि मगच माझ्याकडे येतात. तरी त्या आल्या की आम्ही दोघी धास्तावतो.

मित्रांनो, शिकायला या, मला नवे ठेवा. फक्त उठण्याआधी मला एकदा वाचा. पलीकडचा माणूस माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि मी चुकले तर मला ओरडता येत नाही.