आत्याच्या तुतीवरची कीड

ते साल १९६२. मी सतरा वर्षांची होते, आणि त्या वर्षी आमच्या घरामागच्या तुतीच्या बागेवर कीड पडली.

बाग म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की कमरेएवढ्या झुडपांच्या ओळी लागायच्या, त्या थेट मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीलगत एक लांबट खोली होती. तिथे माझी आत्या रेशमाच्या अळ्या वाढवायची. बांबूच्या परड्या एकावर एक मांडलेल्या, प्रत्येक परडीत पांढऱ्या अळ्या आणि त्यांच्यावर चिरलेली तुतीची पानं. त्या खायला लागल्या की खोलीभर एक बारीक आवाज भरून राहायचा, कुणीतरी कोरडा कागद सावकाश चुरगाळत असल्यासारखा. आत्याला तो आवाज झोपेतही ऐकू यायचा म्हणे. थांबला की ती दचकून उठायची.

या अळ्यांचे लाड विचारू नका. खोलीत जाताना पाय धुवायचे, हात धुवायचे, केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही. त्या दिवसांत आई फोडणीसुद्धा जपून द्यायची. आजोबा विडी ओढायचे, त्यांना पुढच्या पायऱ्यांवर हद्दपार केलेलं असायचं.

"माझं घर, आणि मीच उंबऱ्याबाहेर," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "का, तर आत किड्यांना ठसका लागतो!"

"अळ्या म्हणा, बाबा," आत्या आतून ओरडायची. "किडे तुमच्या डोक्यात."

बाहेरून हसणंखिदळणं होतं, पण त्या वर्षी आत्याचा जीव टांगणीला लागला होता. ती विधवा होऊन माहेरी आली त्याला बरीच वर्षं झाली होती. आता तिच्या दिराला ती परत हवी होती. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, बायको दिवसभर गिरणीत, घरात पाठोपाठची मुलं. त्याला वहिनी नको होती, तिचे दोन हात हवे होते. आत्याच्या अळ्यांच्या आधीच्या दोन्ही खेपा रोगानं गेल्या होत्या. आजोबांनी ते मनात धरून ठेवलं आणि एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "या खेपेला कोष नीट उतरले तर बाग राहील, तूही राहा. नाही उतरले तर बाग काढून मी खोल्या बांधतो, आणि तू दिराबरोबर जा. मी किती दिवस पुरणार आहे तुला?"

आत्यानं घास खाली ठेवला. "अट कबूल," म्हणाली. ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही.

अळ्या छान वाढल्या. शेवटची कात टाकून करंगळीएवढ्या झाल्या. कोष विणण्याआधीच्या या आठवड्यात त्या अक्षरशः राक्षसासारख्या खातात. आधीच्या सगळ्या दिवसांत मिळून खाल्लं नसेल तेवढं. नेमकं तेव्हाच एका सकाळी आई पानं तोडायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

"वन्सं, जरा बाहेर या."

झुडपांचे शेंडे कुणीतरी मुठीत आवळल्यासारखे गोळा झाले होते. आत्यानं एक शेंडा उलगडला. आत चिकट जाळं, काळी विष्ठा आणि एक हिरवी बारीक अळी, बोट लागताच वळवळून दोऱ्यावर लोंबकळणारी. पान गुंडाळून आत बसून खाणारी ही कीड. तिनं चघळलेलं, घाण केलेलं पान आमच्या अळ्यांना चालत नाही. त्यांना हगवण लागते.

कोपऱ्यावरचा औषधवाला कुंपणावरून डोकावला. "ताई, एक फवारा मारून देतो. संध्याकाळपर्यंत एक अळी दिसणार नाही."

"हो ना," आत्या म्हणाली, "माझ्याही दिसणार नाहीत."

तो कुंपणावरून मागे सरला. औषधाचा थेंब लागलेलं पान परडीत गेलं की संपलं, हे त्यालाही कळत होतं. तुतीवर काही मारताच येत नाही. जे खाऊन किडीनं मरावं, तेच आपल्या अळ्यांनी खाऊन जगावं, असं औषध कुठून आणायचं?

मग उरले हात. आई आणि मी दिवस उजाडल्यापासून ओळीत बसून गुंडाळलेले शेंडे खुडायचो आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचो. शेजारणीच्या कोंबड्या मागून आणल्या. ही अळी जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करते, म्हणून आम्ही झुडपांखालचा पालापाचोळा ओढून माती उकरून द्यायचो आणि कोंबड्या मागून टिपत यायच्या. दिवस कलला की पाण्याच्या परातीत विटेवर कंदील ठेवायचो, किडीचे पतंग त्यात येऊन पडायचे. किडीला हात लावलेल्या बाईनं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय खोलीत पाय टाकायचा नाही, असा आत्याचा हुकूम होता. आईनं एका दिवसात इतक्या आंघोळी केल्या की म्हणाली, "लग्नातही मला एवढं न्हाऊ घातलं नव्हतं."

पण कीड हटेना. आज साफ केलेली ओळ उद्या पुन्हा गुंडाळलेली. खालची जून पानं तेवढी उरली, तीही संपत आली. आत्या परड्यांमधून फिरायची तेव्हा अळ्या माना वर करून इकडेतिकडे हलवायच्या, पान शोधायच्या. आत्या त्यांच्याकडे बघू शकत नव्हती. "यांना तोंड असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या," म्हणाली. एकदा ती बागेत दोन ओळींच्या मध्ये मातीत बसून राहिली. कपाळाला हात लावून. आजोबांनी ते पुढच्या पायऱ्यांवरून, उघड्या दारांतून पाहिलं. त्यांनी विडी विझवली, ते माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडच्या ओळी स्वच्छ होत्या. खरंच स्वच्छ. गुंडाळलेल्या शेंड्यांत किडी मरून पडलेल्या, खालची पानं हिरवीगार, दवानं ओली. आत्याचा विश्वास बसेना. "कोंबड्यांनी केलं बघा!" म्हणाली. तिला सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. आईला आणि मला पानं तोडण्याचीच घाई. पुसून, वाळवून, चिरून आम्ही खिडकीकडच्या सगळ्या परड्या भरल्या. तो कागद चुरगाळल्यासारखा आवाज पुन्हा खोलीभर झाला. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून तो ऐकत होती.

दुपार व्हायच्या आत आवाज थांबला.

अळ्यांनी माना मागे टाकल्या होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. अंगं आखडून वाकडीतिकडी होत होती. आत्यानं एक पान उचलून मला दिलं. "हुंग." मी हुंगलं. वास मला पायऱ्यांवरचा आला, आजोबांचा.

आत्या तशीच धावत पुढच्या दारी गेली. "बाबा, बागेत काय टाकलंत?"

आजोबा गोंधळले. मग जरा अभिमानानंच म्हणाले, "तंबाखू भिजवून शिंपडली काल संध्याकाळी. त्या गुलाबवाल्या मास्तरानं सांगितलं, त्याच्या गुलाबांवर मावा राहत नाही. गुण आला ना?"

"माझ्या अळ्या मेल्या."

"तंबाखूनं? अगं, औषध नको म्हणालीस, हे औषध कुठंय? झाडाचं पान, त्याचं पाणी. आणि धूर नको म्हणालीस, तर धूर मी केला का? पायऱ्यांवरच बसलोय ना मी?"

 इतकी वर्षं आत्या त्यांना धूर नको, धूर नको एवढंच सांगत आली होती. तंबाखूचं पानच विष असतं हे सांगायची वेळच आली नव्हती, कारण तंबाखू घेऊन बागेत कोण जाणार?

"तुम्हाला बाग काढायचीच होती," ती शेवटी म्हणाली.

आजोबांचा चेहरा पडला. "पोरी," एवढंच म्हणाले.

रडायला वेळ नव्हता. खिडक्या उघडल्या, विषाची पानं उचलली, तडफडणाऱ्या अळ्या वाऱ्यावर ठेवल्या. थोड्या सावरल्या, बाकीच्या गेल्या. आतल्या बाजूच्या परड्यांना ती पानं घातलेली नव्हती म्हणून त्या बचावल्या. पण त्यांना पोसणार कशावर? भिंतीकडची बाग आता विषारी, बाकीची किडकी. शोधून शोधून मिळालेल्या चांगल्या पानांची एक लहानशी टोपली भरली. सगळ्यांना वाटली असती तर सगळ्याच अर्धपोटी राहून कोष न विणता मेल्या असत्या.

आत्यानं परड्या निवडल्या. ज्या अळ्या अंगानं चमकदार, पिवळसर झाल्या होत्या, म्हणजे विणण्याच्या बेतात होत्या, त्या ठेवल्या. बाकीच्या तिनं स्वतः बागेत नेऊन कोंबड्यांपुढे ओतल्या. आई म्हणाली, "मी करते, वन्सं." आत्या म्हणाली, "नको. त्यांना माझ्या हाताची सवय आहे."

वाचलेल्यांना बांबूच्या जाळीवर सोडलं. त्यांनी कोष विणले, पांढरेशुभ्र, घट्ट. पण सगळे मिळून एका पिशवीत मावले. आत्यानं ती पिशवी आजोबांपुढे ठेवली.

"नाही उतरले, बाबा. दिराला निरोप धाडा. मी कपडे बांधते."

दीर आला तो तयारीनिशी. बाहेर गाडी थांबवून ठेवली होती. आजोबा पायऱ्यांवर आडवे बसून होते, त्याला आत जायला वाट दिली नाही.

"वहिनींना न्यायला आलोय. तुमचंच बोलणं होतं, पीक बुडलं तर पाठवतो म्हणून."

"तिचं पीक बुडलं नाही," आजोबा म्हणाले. "मी बुडवलं. या हातांनी. तेव्हा कुणाला न्यायचं असेल तर मला ने. तुझ्या आईचं दुखणंखुपणं मी बघतो, पण विडी ओढेन, आधीच सांगतो."

"चेष्टा करताय का?"

"नाही. बस गाडीत, मी चपला घालतो."

आणि खरंच चपला शोधायला लागले. दीर वळला आणि एकटाच गाडीत बसून निघून गेला. दाराआड आत्या गाठोडं छातीशी धरून उभी होती. तिनं ते तिथेच जमिनीवर ठेवलं आणि त्यावरच बसून इतकी रडली की आईला तिला धरून आत न्यावं लागलं.

विष उतरावं म्हणून भिंतीकडच्या सगळ्या ओळी जमिनीलगत छाटल्या. त्या फुटायला बराच काळ गेला, आणि तोवर आत्या रिकाम्या खोलीत नुसती झाडून-पुसून यायची.

आजोबा त्यानंतर चार वर्षं होते. आत्या त्यांच्याशी बोलायची, वाढायची, पाय दाबायची, पण "तुम्हाला बाग काढायचीच होती" हे वाक्य तिनं मागे घेतलं नाही आणि त्यांनीही कधी मागितलं नाही. दिरानं गिरणीतल्या बायकोला घरी बसवलं. ती पुढे कधीतरी आत्याला बाजारात भेटली आणि तोंड फिरवून गेली. औषधवाल्याचं दुकान वाढलं, पुढे त्याच्या मुलानं तिथे सायकली विकल्या. आई थकेपर्यंत आत्याबरोबर शेंडे खुडत राहिली. दोघी आपसात भांडायच्या, पण सकाळी एकाच ओळीत बसायच्या. मी लग्न होऊन दूर गेले. आत्या बहात्तर वर्षांची होऊन गेली. शेवटच्या वर्षी तिनं अळ्या आणल्या नव्हत्या, तिला वाकवत नव्हतं. बाग माझ्या भावानं काढली. त्याला खोल्या हव्या होत्या, आणि त्याला अडवायला कुणी उरलं नव्हतं.