अकरा वेळा सांगितलेलं

शेखरने लोखंडी खुर्ची ओढून भगीरथच्या समोर ठेवली आणि तो बाजूला झाला.

"इथे काळूराम बसलाय असं समज. आता त्याला सांग."

भगीरथने पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. हात मागे बांधले आणि शाळेत पाढा म्हणावा तसा रिकाम्या खुर्चीला तो म्हणाला,

"तुझं ढोर माझ्या वरीच्या शेतात आलं. मी दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा तू हसलास. मला राग आला. मी कोयता उलटा धरून तुझ्या खांद्यावर मारला. मी मारला. मला त्याचं वाईट वाटतं."

"वा!" संदेश म्हणाला. माळशेजच्या रस्त्यावरच्या ढाब्यात एका गिऱ्हाइकाचं डोकं फोडून तो या खोलीत आला होता. "एक शब्द इकडचा तिकडं नाय. आमचं बघा साहेब, दर मंगळवारी भांडण वाढतंच."

बाकीचे पाच जण हसले. शेखर हसला नाही. हातातल्या कागदांची मागची पानं तो उलटत होता.

पहिली बैठक. भगीरथ: तिसऱ्यांदा तू हसलास. मला राग आला.

चौथी बैठक. भगीरथ: तिसऱ्यांदा तू हसलास. मला राग आला.

आठवी बैठक. भगीरथ: वरीलप्रमाणे.

मुरबाडच्या पंचायत समितीच्या आवारातली ही खोली मंगळवारी दुपारी दोन ते चार मिळायची. शेखर परिवीक्षा अधिकारी होता. तुरुंगात न पाठवता कोर्टाने चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलेली माणसं त्याच्या देखरेखीत असत. २००३ सालच्या जूनपासून त्यांच्यासाठी बारा बैठका ठरल्या होत्या, राग ओळखायच्या आणि आवरायच्या. शेखर शहापूरहून एसटीने किन्हवलीमार्गे यायचा. भगीरथ सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातून यायचा, निम्मी वाट चालत. आज अकरावी बैठक होती. बाराव्या बैठकीनंतर प्रत्येकाचा अहवाल कोर्टात जाणार होता. तो वाईट गेला की हमी संपली, माणूस आत.

अहवालाचा छापील नमुना शेखरला पाठ होता.

रकाना सात. गुन्ह्याची जबाबदारी स्वतःच्या शब्दांत घेतो काय? होय / नाही.

त्याने कागद खाली ठेवला. पुढचा प्रश्न पुस्तिकेत नव्हता.

"काळूरामच्या अंगात काय होतं त्या दिवशी?"

भगीरथने खुर्चीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"कपडे," तो म्हणाला.

"कोणते?"

भगीरथच्या मागे बांधलेल्या हातांची बोटं सुटली, परत गुंतली.

"बंडी," बाहेरून आवाज आला. "पांढरी. खिशात विड्यांचं बंडल व्हतं. तो पडला तवा विड्या चिखलात सांडल्या, त्या तो पयला गोळा करीत व्हता."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. गजांच्या खालच्या कडेला कुणाच्या तरी डोक्याचे केस दिसत होते. ते हळूच खाली गेले.

"साहेब," संदेश म्हणाला, "खिडकीची पण हजेरी लावा."

या वेळी कुणी हसलं नाही.

*

बैठक सुटल्यावर शेखर मागच्या बाजूला गेला. भिंतीच्या सावलीत दोघं भाऊ उकिडवे बसले होते. धाकट्याला त्याने अकरा मंगळवार पाहिलं होतं. भावाला सोबत म्हणून येतो, एवढंच त्याला माहीत होतं.

"नाव काय तुझं?"

"नामा."

"गप रे," भगीरथ म्हणाला.

"कुणी मारलं, नामा?"

"मी मारलं," भगीरथ म्हणाला.

"मी त्याला विचारतोय."

नामाने भावाकडे पाहिलं. "पोलीस वर आले तवा माझी रविना दोन म्हयन्याची व्हती. आमच्याकडं रीत हाय साहेब. ज्याच्या घरात पोर रांगत नाय, तो पुढं व्हतो. पाडा बसला, कारभाऱ्यानं इचारलं. दादा उभा रायला."

"आणि काळूराम? त्याने तुला ओळखलं नाही?"

"काळूराम खालच्या गावचा. त्याला आमी सगळे सारखेच." नामा पहिल्यांदा थोडं हसला. "कोर्टात त्यानं दादाकडं बोट केलं. सरळ."

शेखर पायरीवर टेकला. नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने 'मी केलंच नाही' म्हणणारी खूप माणसं ऐकली होती. त्यांचं काय करायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं होतं.

"भगीरथ, मी हे कोर्टाला कळवू शकतो."

"कळवा. मंग काय व्हईल?"

शेखरने मनातल्या मनात हिशेब केला. नामावर नवी केस होईल, मारल्याची. भगीरथवर दुसरी, खोटं सांगितल्याची. भगीरथ त्याच्या तोंडाकडे बघत होता. ते उत्तर त्याला आधीपासून ठाऊक असावं.

"घरात दोघं पुरुष नाय रायले तर म्हातारीला अन् लेकराला कोन बघंल? ऱ्हाऊ द्या साहेब. एकच मंगळवार उरलाय."

"तुला काही त्रास होत नाही?"

एक काडी घेऊन भगीरथने मातीत रेघ ओढली.

"तुमी घरचा अभ्यास दिलता. रोज बायकोसमोर बसून सांगायचा. मी सांगितला. बायकोला, बारकीला, तर सगळं ठावं हाय, ती पयल्यांदा हसून हसून लोळली. म्हनली, तुला कोंबडं कापवत नाय. मंग म्हयनाभर ऐकत रायली." त्याने रेघ पुसली. "आता ती कोयता लपवून ठेवते. इचारलं तर म्हनते, उगाच."

"तू रोज बोलतोस का अजून?"

"तुमीच सांगितलं ना, बारा बैठका व्हईपर्यंत सोडायचा नाय?"

नामा एकदम उठला. "साहेब, पुढच्या मंगळवारी मी बसतो आत. मी सांगतो. मला येतं सगळं. राग पोटातून कसा वर चढतो, दहा आकडे मोजायचे, पानी प्यायचं. मी करतो ते. रविनाच्या आईला इचारा, तीन म्हयने मी आवाज चढवला नाय."

"खाली बस," भगीरथ म्हणाला. "येळ झाली. गाडी जाईल."

*

शेखरने अहवाल लिहायला घेतला.

*सदर इसमाने बैठकांमध्ये नियमित हजेरी लावली असून* खोडलं.

*सदर इसम हा प्रत्यक्षात* खोडलं.

*कार्यक्रमाचा चांगला परिणाम दिसून आला आहे.* हे खरं होतं. ज्याच्यावर दिसून आला त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. खोडलं.

नमुन्यात सही करायला जागा भरपूर होती. 'इतर शेरा' या रकान्याला अर्धी ओळ होती.

*

बाराव्या बैठकीला सातही जण वेळेवर आले. नामा खिडकीखाली गेला नाही. तो दारात उभा राहिला. शेखरने त्याला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

संदेशने त्याचं भांडण शेवटचं सांगितलं. या खेपेला ते पूर्वीपेक्षा लहान होतं आणि चूक त्याची होती. सांगून झाल्यावर तो खाली बघत बसला.

मग भगीरथची पाळी आली. त्याने चपला भिंतीशी लावल्या. हात मागे बांधले नाहीत.

"दादा," दारातून नामा म्हणाला.

भगीरथने मान वळवली नाही.

"तू पांढरी बंडी घातलीवती," तो खुर्चीला म्हणाला. "खांद्यापाशी फाटलीवती. तुझं ढोर वरीत शिरलं. दोनदा हाकललं मी, अन् तिसऱ्यांदा तू हसलास. तुझे दात दिसले. माझ्या हाताला घाम आलता, कोयता फिरला तो उलटाच लागला, नायतर तू गेला असतास. तू पडलास. अन् मला शिव्या द्यायच्या सोडून तू विड्या गोळा करायला लागलास. चिखलातल्या. एकेक पुसून." त्याने खुर्चीच्या पायाशी पाहिलं. "तवा मला लाज वाटली रे. मी पळालो नाय. मी तिथंच उभा व्हतो."

संदेशने नाक ओढलं. ज्याला कोंबडं कापवत नव्हतं तो माणूस त्या खुर्चीसमोर उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

शेखरने दाराकडे पाहिलं. नामाचे दोन्ही हात रिकामे लोंबत होते. आपल्या खिशातून कुणी काही काढून नेलं आणि ते आता मागता यायचं नाही, असा त्याचा चेहरा झाला होता.

शेखरने पेनचं टोपण काढलं. रकाना सात. त्याने 'नाही' वर काट मारली.

"झालं?" भगीरथने विचारलं.

"बैठका झाल्या. दर महिन्याला हजेरीला यायचंच. अजून चौदा महिने."

"येतो," भगीरथ म्हणाला. कामाचा दिवस भरून निघाल्यासारखा तो चपला घालून बाहेर पडला आणि फाटकापाशी जाऊन थांबला.

माणसं पांगली. शेखर खुर्च्या एकावर एक रचू लागला. शेवटच्या दोन नामाने आणून दिल्या.

"साहेब, नवा गट कधी हाय?"

"दिवाळीनंतर."

"त्यात मला घ्याल?"

"कोर्टाने पाठवलेल्यांनाच घेता येतं, नामा."

नामाने मान हलवली. फाटकातून भगीरथने हाक मारली, गाडी लागली होती. नामा निघाला नाही. हातातली खुर्ची त्याने खाली ठेवली, तिच्या पाठीवर हात ठेवून तो तसाच उभा राहिला आणि अगदी शांतपणे, जवळपास अदबीने, त्याने विचारलं,

"काय केल्यावर पाठवतात?"