दोन कोरड्या जागा

मी एक जुनी लोकरीची गादी आहे, मित्रांनो. बसायची नव्हे, झोपायचीही नव्हे. घोड्याची पाठ आणि त्यावरचे खोगीर यांच्या मधे जी जाडजूड नमद्याची गादी घालतात ना, ती मी. वर माणूस, खाली जनावर, मधे मी. दोघांचे सगळे मला कळते आणि मला तोंड नाही. एकदा एका घोडीचा जीव जायची वेळ आली होती. खरे काय ते एकट्या मला ठाऊक होते. ओरडावेसे वाटे, पण गादी कशी ओरडणार? तेव्हा जे सांगता आले नाही ते आता सांगते. नीट ऐका.

माझा जन्म मेंढ्यांच्या लोकरीतून झाला. ती धुतली, पिंजली, वाफेवर धरली आणि यंत्राखाली इतकी दाबली की तंतूत तंतू गुंतून इंचभर जाडीचा नमदा झाला. विणकाम नाही, शिवण नाही. बाजूंना चामड्याच्या दोन पट्ट्या लावल्या. घोड्याचा कणा नुसत्या सरळ काठीसारखा नसतो, म्हणून मलाही मधोमध वळण दिले. रंग म्हणाल तर मळकट राखाडी. नटायला मी जन्मले नव्हते.

अमेरिकेतल्या बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी एका गावात खोगिरांचे दुकान होते. तिथे मला आर्डिथ प्रुइट या बाईने निवडले. तिची गुरे होती, कुरणे होती आणि जीभ कात्रीसारखी होती. दुकानदाराने तिच्यापुढे लाल-निळ्या नक्षीच्या गाद्या टाकल्या.

"मिसेस प्रुइट, ह्या बघा. रोडिओच्या घोडशर्यतीतल्या सगळ्या पोरी हल्ली ह्याच घालतात."

"त्या पोरी घोड्यावर वीस सेकंद असतात. मी पहाटे चढते ती अंधार पडल्यावर उतरते. मला पोरींचं नको सांगूस."

"मग ही घ्या, स्पंजाची. पिसासारखी हलकी."

आर्डिथने ती नाकाशी धरली. "ही घोड्याला जिवंत उकडेल. ह्यातून वारा जातो कुठून? तुझ्या तोंडातून?"

दुकानदार हसला. त्याला तिची सवय होती. मग तिने मला उचलले. वाकवून पाहिले, तळव्याने रेटून पाहिले, रेटलेली जागा पुन्हा वर येते का ते पाहिले, कण्याचे वळण बोटाने मोजले. "ही बांध," म्हणाली. त्या दुकानात चाळीस गाद्या होत्या. मी खोटा विनय करणार नाही, मित्रांनो. चाळिसांत मीच लायक होते.

पुढची नऊ वर्षे मी डच नावाच्या तपकिरी घोड्याच्या पाठीवर काढली. आर्डिथचे रोजचे खोगीर जुने आणि रुंद होते, डचला ते अंगाबरोबर बसे. संध्याकाळी खोगीर उतरले की माझी खालची बाजू सगळीकडे सारखी ओली असायची. ती मला उलटी करून वाळत घालायची, वाळले की केस झाडायची. घोड्याच्या पाठीची कातडी फार दिवस चेंगरली की तिथे पांढरे केस येतात आणि ते मरेपर्यंत जात नाहीत. वासरांना डाग द्यायला शेजारपाजारचे जमत, तेव्हा डचची पाठ बघून म्हणत, "आर्डिथ, एवढं राबवतेस आणि एक पांढरा केस नाही गं!" ती म्हणायची, "गादी चांगली आहे." मी फुगायचे. मला वाटायचे, सगळे माझ्यामुळेच. अर्धे श्रेय त्या खोगिराचे होते हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

एका हिवाळ्यात डच बर्फावरून घसरला. तो गेला, त्याच्या अंगाखाली ते जुने खोगीर मोडले आणि आर्डिथचा खुबाही मोडला. तिचे घोड्यावर बसणे तिथेच संपले. कामाचा भार मुलीवर, शेल्बीवर, आला.

शेल्बीची घोडी टॅन्सी. लालसर अंगाची, पाटासारख्या रुंद पाठीची, स्वभावाने इतकी गरीब की शेल्बी तिच्या पोटाखाली बसून डबा खायची. आता खोगीर कुठले घालायचे? बैठकीच्या खोलीत एक होते. शेल्बीचे वडील वेंडेल यांनी रोडिओत जिंकलेले, चांदीच्या पट्ट्यांचे, मागे नाव कोरलेले. वेंडेलना जाऊन सात वर्षे झाली होती. घरात पाहुणा आला की आधी त्या खोगिराला हात लावायचा आणि मग जेवायला बसायचा. ते आर्डिथने स्वतः उतरवले, तेल लावले आणि लेकीच्या हातात दिले. दोघींचे डोळे भरले होते.

ते टॅन्सीवर चढले त्या क्षणी मला कळले. त्याच्या आतला लाकडी सांगाडा अरुंद होता, निमुळत्या पाठीच्या घोड्यासाठी केलेला. टॅन्सीच्या खांद्यांमागे दोन्ही बाजूंनी तो चिमट्यासारखा बसला. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला आणि त्या दोन जागी मी घोडीच्या मांसात रुतले. मी लोकर आहे, मी पसरते, झेलते, सोसते. पण चिमट्यात सापडल्यावर लोकर तरी काय करणार?

पहिल्या आठवड्यात टॅन्सीने नुसते कान मागे पाडले. मग तंग आवळताना वळून चावू लागली. मग मी नुसती दिसले तरी पाठ खाली दबवू लागली. शेल्बीने मला उलटी करून पाहिले. सगळी ओली होते, फक्त खांद्यांमागे दोन तळहातांएवढ्या जागा कोरड्या ठणठणीत.

"मॉम, हे बघ. इथे गादी टेकतच नाही. म्हणून घाम लागला नाही."

"मग पोकळी राहते तिथे. भर घाल. खोगीर हलत असेल, त्यानं चिडते ती."

नाही गं बायांनो, नाही! तिथे मी सगळ्यात जास्त टेकत होते. इतकी की कातडीला घाम सुटायला वाव नव्हता. पण आमच्या भागात घोड्याची पाठ दुखली की गादी जाड करतात, खोगिराकडे बघत नाहीत. आणि हे खोगीर तर वेंडेलचे. त्याला नाव ठेवायचे म्हणजे वेंडेलना नाव ठेवायचे. कोणाची छाती होणार?

शेल्बीने माझ्यावर नमद्याचे दोन तुकडे घातले. पंधरवड्याने त्यांच्यावर स्पंजाची एक गादी घातली. मित्रांनो, बूट घट्ट होत असेल आणि कोणी म्हणाले, थांब, आत आणखी एक मोजा घाल, तर पायाचे काय होईल? तेच झाले. जितकी भर वाढली तितका चिमटा आवळला. मला स्वतःच्या जाडीचा गर्व होता ना? त्याच जाडीने मी त्या गरीब जनावराला पिळत होते. ती कण्हायची, ते माझ्या अंगातून जायचे. मी आतल्या आत म्हणत राहायचे, कोणी तरी बघा, कोणी तरी समजून घ्या. रोज संध्याकाळी मला खुंटीवर टांगत आणि दिवा मालवून निघून जात.

ऑक्टोबरात डोंगरावरची गुरे खाली आणताना उतारावर टॅन्सीचे सहन करणे संपले. ती उधळली. तीन उड्या मारल्या आणि शेल्बी दगडांत पडली. गळ्याजवळचे हाड मोडले. दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून ती तबेल्यात आली तेव्हा आर्डिथ काठीवर रेलून उभी होती.

"लाइलला फोन केलाय. उद्या सकाळी घेऊन जाईल."

"लाइल? मॉम, तो कत्तलीसाठी नेतो! सीमेपलीकडे पाठवतो."

"मग काय करू? उधळणारी घोडी दुसऱ्या कोणाच्या लेकीला विकू? तिची मान मोडली तर मी कुठल्या तोंडानं राहू इथे?"

"ती अशी नव्हती गं. तुला माहितेय ती अशी नव्हती."

"माणसं फिरतात, ही तर घोडी. मी नवरा पुरला, डच पुरला. तुला पुरणार नाही. बास."

शब्द मागे घेणारी ती बाई नव्हे. मी चार हातांवर होते, खालची बाजू भिंतीकडे करून टांगलेली. एका खुंटीवर एका खोलीतले सगळे सत्य टांगलेले होते आणि त्याचे तोंड भिंतीकडे होते.

सकाळी लाइलचा ट्रेलर आला. त्याच्या माणसाने टॅन्सीला दोरीने ओढून चढवले. शेल्बी घरातून बाहेर आली नाही. ट्रेलर गेला तरी आर्डिथ तबेल्यातून हलली नाही. काय करावे ते न सुचून तिने खोगिरांची खोली आवरायला घेतली. टॅन्सीचा लगाम पेटीत टाकला, खरारा टाकला. मग मला ओढले. मी जमिनीवर उलटी पडले.

माझ्या आयुष्यात मी एवढी कधी कासावीस झाले नव्हते. बघ, आर्डिथ. बघ गं बाई.

ती वाकली. खुबा दुखला तसे एक शिवी हासडली आणि गुडघे टेकून खालीच बसली. त्या दोन जागांवरून तिने तळवा फिरवला. बाकी मी मऊ होते. तिथे मात्र फळीसारखी टणक, झिजून गुळगुळीत, अर्धीसुद्धा जाडी न उरलेली. टॅन्सीचे तुटलेले लालसर केस मुळांसकट आत रुतले होते.

"टेकत नव्हती म्हणे," ती पुटपुटली. "टेकत नव्हती तर चेचली कोणी?"

तिने मान वर केली. समोर वेंडेलचे खोगीर होते. हात लांबवून तिने त्याच्या आतला अरुंद सांगाडा चाचपला. मग एवढेच म्हणाली, "अरे देवा. मीच दिलं." आणि मला काखेत मारून काठीशिवाय पिकअपकडे धावली. मोडक्या खुब्याची बाई धावते तशी धावली.

लाइल आपले घोडे जनावरांच्या बाजाराच्या आवारात गोळा करायचा आणि दुपारी मोठ्या ट्रकमधून उत्तरेला पाठवायचा. आम्ही पोहोचलो तेव्हा ट्रक फळी पाडून उभा होता. कुंपणात बारा घोडे होते, प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी चिकटवलेली.

"लाइल, माझी घोडी परत दे."

"मिसेस प्रुइट, सही झालीय. सकाळी तुम्हीच म्हणालात, माजलीय."

"मी चुकले." हे दोन शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. तिने मला उलटी करून त्याच्यापुढे धरले. "हे बघ. दुखत होतं तिला. सहा महिने दुखत होतं आणि मी वर आणखी भर घालायला लावत गेले."

लाइलने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. "सगळ्यांनाच शेवटी वाईट वाटतं हो. मी किती जणांचं ऐकू?"

"पाया पडू का तुझ्या? सांग. पडते. मला उठायला तेवढा हात दे."

तो गांगरला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "नाही, नाही, हे काय! पण बाई, पकडायची तुम्ही. माझ्या माणसाला चावलीय ती. ट्रक भरेपर्यंत मिळाली तर तुमची."

आर्डिथ मला काखेत घेऊन आत गेली. टॅन्सीने आम्हाला पाहिले आणि कान मागे पाडून वळली. मागचे पाय उचलून तिने कुंपणावर असा आघात केला की फळी तडकली. बाकीचे घोडे चढू लागले होते. एक गेला, दुसरा गेला. "टॅन्सी, ये गं, माझी बाय," आर्डिथ म्हणत होती आणि घोडी थरथरत कोपऱ्यात दबत होती. सहा गेले, सात गेले. आर्डिथला वाटले घोडी तिला भीत आहे. ती रडू लागली.

घोडी तिला भीत नव्हती. मला भीत होती. तिच्या लेखी तो सगळा जाळ म्हणजे मी. टाक मला, आर्डिथ. फेक. मी जिवाच्या आकांताने म्हणत होते आणि ती मला छातीशी आणखी घट्ट धरत होती, पुरावा म्हणून.

नववा घोडा चढला तेव्हा टॅन्सीची नजर कुठे खिळली आहे ते आर्डिथने पाहिले. तिने खाली माझ्याकडे बघितले. मग मागे सरकत कुंपणापाशी आली आणि मला फळीवरून बाहेरच्या बाजूला टाकले. रिकामे हात खाली सोडून ती मधोमध उभी राहिली. टॅन्सी एक पाऊल पुढे आली. थांबली. आणखी एक. मग तिने ते दोन्ही हात हुंगले, कोपरापर्यंत, आणि डोके बाईच्या पोटाशी टेकवले.

त्या दोघी गेल्या. आर्डिथला मी आठवले नाही, आणि आठवले असते तरी मला परत नेऊ नये असेच मी म्हणाले असते. उरलेल्या अकरा घोड्यांना घेऊन ट्रक उत्तरेला गेला. त्यातल्या एका काळ्या घोडीच्या खांद्यांमागे त्याच दोन जागी मी पांढऱ्या केसांचे डाग पाहिले. तिच्यासाठी कोणी धावत आले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी घोडा नसेल, बैल असेल, गाढव असेल, ओझे वाहणारे कोणीही असेल. ते अंग काढून घेऊ लागले, चावू लागले, तर त्याला दुष्ट म्हणण्याआधी त्याच्या पाठीवर तुम्ही काय घातले आहे ते उतरवा. उलटे करा. हात फिरवा. आणि चूक तुमच्या लाडक्या वस्तूत निघाली तर तिथून हात काढून घेऊ नका.

मी अजून त्या कुंपणाबाहेर पडून आहे. बर्फ पडू लागला आहे. टाकताना माझी खालची बाजू वर आली, ती तशीच आहे. इथून रोज घोड्यांची माणसे जातात. त्यांच्यापैकी एकाने तरी थांबून माझ्याकडे बघावे.