फुस्स

ट्रकबद्दल कोणी विचारलं की किसनसिंग थांबायचं नाव घेत नसे. गाडी चौऱ्याऐंशी सालची, लाकडी केबिनची. मंगरूळपीरच्या भंगारातून आणून दोन वर्षं खपून त्याने ती उभी केली होती. वरून सगळं जुनं, खाली मात्र नवं: हवेचे ब्रेक, आणि लोखंडी पाट्यांच्या जागी हवेचे बलून. बटण दाबलं की गाडी उंटासारखी खाली बसायची, पुन्हा दाबलं की उठायची. अख्खा तांडा ते बघायला जमायचा आणि या गड्याची छाती फुगायची.

दसऱ्याच्या सकाळी गाडी दारापुढच्या हलक्या उतारावर उभी होती. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल. त्याने हँडब्रेकचा खटका ओढला, फुस्स आवाज झाला. या आवाजावर त्याचा बत्तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीतला भरवसा. नळीतली हवा निघून गेली की आतली जाड स्प्रिंग मागची चाकं आवळून धरते. फुस्स झालं म्हणजे चाक धरलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने हे बायकोला, सुंदरबाईला, शिकवलं होतं. हा आवाज ऐकल्याशिवाय ती गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

पुढच्या चाकाला रोजचा दगड होता. पूजेच्या गाडीला दगड शोभत नाही, शिवाय लिंबू ठेवायला तीच जागा लागते, म्हणून त्याने तो काढून बाजूला टाकला. गाडी जागची हलली नाही. मग पोरांच्या आग्रहाखातर त्याने ती चार-पाच वेळा बसवली, उठवली. ब्रेक आणि बलून एकाच टाकीतल्या हवेवर चालायचे, आणि इंजिन बंद असल्याने ती हवा दरवेळी कमी होत होती. काटा पाहायचं त्याला सुचलं नाही. कौतुकाने डोळ्यांवर पडदा येतो तो असा.

आरतीला गाडीने वाकून नमस्कार करावा, ही त्याचीच हौस. तो केबिनीत चढला. खाली सुंदरबाई शेवटचं लिंबू चाकापुढे ठेवत होती. त्याने बटण दाबलं. गाडी खाली बसू लागली आणि बसता बसता चाकं बोटभर सरकली. तेवढंच निमित्त झालं.

गाडी चालू लागली. आवाज नाही, काही नाही.

त्याने पायातला ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. टाकी रिकामी होती. बायकोची किंकाळी ऐकू आली आणि मध्येच तुटली. त्याने सगळा जोर लावून गिअर टाकला, गाडी दणका खाऊन थांबली. पण खाली बघायची त्याची छाती होईना.

सुंदरबाई कुशीवर पडली होती. साडीचा पदर चाकाखाली, कोपर चाकापासून वीतभर. जिवंत होती. लिंबाचा चेंदामेंदा झाला होता. किसनसिंगचा भाऊ लालसिंग हात जोडून म्हणाला, सगळी पीडा लिंबावर गेली, देवीने वाचवलं. तांड्याने मान डोलावली, कोणीतरी नारळही फोडला.

किसनसिंग गाडीखाली शिरला. मागच्या दोन्ही चाकांपाशी लांब बोल्ट तसेच आवळलेले होते. परवा कॉम्प्रेसर बिघडला, हवा भरेना, चाकं सुटेनात. तेव्हा गाडी ओढून घरी आणायला त्यानेच स्प्रिंगा बोल्टांनी मागे बांधून ठेवल्या होत्या. कॉम्प्रेसर दुरुस्त झाला आणि बोल्ट सोडायचे राहून गेले. खटक्यातून हवा सुटत होती, चाकाला मात्र काहीच धरत नव्हतं. डोकं टेकून तो तिथेच पडून राहिला.

मग आधी चाकाला दगड लावून त्याने ते बोल्ट सोडले, बाहेर आला आणि सगळ्यांसमोर आरतीच्या ताटात ठेवले.

"देवीनं नाई, लिंबानंही नाई," तो म्हणाला. "हे म्या बांधून ठेवले व्हते. ब्रेक लागलाच नव्हता."

सुंदरबाई फाटका पदर हातात धरून त्या बोल्टांकडे बघत राहिली.

"तुमी खटका वढला, फुस्स झालं," ती हळूच म्हणाली, "म्हनूनच तं मी चाकापुढं बसली."